दोन्ही बांध एकशे चौदा

६ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार कागदावरच घालतो. प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणूस लागेल, अशी कंबरेची सध्या अवस्था आहे.

तू विचारतेस, "बांधाजवळच्या उंचीच्या दगडावर तुमच्या खात्याची माणसं नवा आकडा रंगवून गेली. तो जुन्यापेक्षा कमी आहे. आम्ही खचतोय का?" ताई, बाबांनी आपल्याला इतकं न्यायशास्त्र घोकायला लावलं ते यासाठी का? दगड तोच, जागा तीच. मोजण्याचा पाया तेवढा बदलला.

असं बघ. आजवर देशातली प्रत्येक उंची समुद्रापासून मोजत आणलेली. एका बंदरावर समुद्राची सरासरी पातळी धरली आणि तिथून दुर्बीण नि पट्टी घेऊन, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसं चालत चालत तुमच्या नदीपर्यंत आली. दर टप्प्याला केसाएवढी चूक. केसाला केस जमत तुमच्या गावी पोचेतो त्याची वेणी झाली, जवळजवळ दोन फुटांची. आता उपग्रह उंची सांगतात. पण उपग्रह बिचारा पृथ्वीला गणितातलं गुळगुळीत अंडं समजतो. पाणी कुठून कुठे वाहील हे त्याला उमजत नाही. ते गुरुत्वाला उमजतं. पोटात जड खडक असेल तिथे जमिनीची ओढ जास्त, आणि त्या ओढीप्रमाणे पाण्याची निवांत पातळी ठरते. म्हणून आम्ही विमानात यंत्र ठेवून देशभर ती ओढ मोजली, उपग्रहाच्या उंचीशी तिची सांगड घातली, आणि आता जो आकडा आलाय तो खरा. तुमच्याकडे तो दोन फुटांनी कमी भरला, इतकंच.

लोकांना समजावं म्हणून पत्रक मीच लिहिलं. शेवटचं वाक्य, "जमीन तसूभरही हललेली नाही." साहेब म्हणाले, "पंडित, तसू म्हणजे काय?" मी म्हटलं, "जे हललं नाही ते, साहेब."

दाजींना सांग, निर्धास्त असा. चिमीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा
भाऊ


२ एप्रिल

पंडिता,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडून.

तुझं पत्रक इथे चहाच्या टपरीवर चिकटवलं. तसू कुणाला कळला नाही. "दोन फुटांनी कमी" एवढं मात्र लहानथोर सगळ्यांना कळलं.

मंगळवारी तुमची माणसं पुन्हा आली. तिपाईवर यंत्र लावलं, त्यावर ती पांढरी थाळी. बघता बघता गर्दी झाली. तुमच्यातला जाड चष्मेवाला हात जोडून सांगत होता, "अहो, फक्त कागदावर कमी झालंय!" अरे, इथल्या माणसाचं जे जे गेलं ते आधी कागदावरच गेलं. कुणीतरी तिपाई ओढली. त्यानं यंत्राला मिठी मारली, मूल धरावं तशी, आणि फावड्याचा दांडा त्याच्या जबड्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मी आमच्या दुकानाच्या पायरीवर होते, तिथवर ऐकू आला. तो खाली पडल्यावरही मारत होते. चष्म्याच्या काचा त्याच्या गालात घुसल्या होत्या आणि तो तोंडातलं रक्त थुंकत "पातळी, पातळी" असं काहीतरी म्हणत होता. मग घण आणून दगडाचे तुकडे केले.

तुझे दाजी तिथे नव्हते. घण त्यांचा होता, पण तो शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी मागून नेला होता.

तुला ऑफिसात बसून हे वेड वाटेल. म्हणून आठवण देते. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी पुरात पलीकडच्या काठाची माणसं होडीतून आली आणि आमचा बांध फोडला. आमच्याकडे पाणी शिरलं म्हणजे त्यांच्याकडचं उतरतं. दाजींचे थोरले भाऊ आडवे गेले, तर त्यांना कुदळीनं तोडून त्याच भगदाडात टाकलं. त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, तेव्हा पाळण्यात होता. त्यानंतर करार झाला: दोन्ही बांध एकशे चौदा मीटर, कुणाचा बोटभरही उंच नाही. पाणी चढलं तर दोघांच्याही घरात एकदमच शिरेल, मग फोडायचं कुणी कशाला? त्या आकड्यावर इतकी वर्षं शांतता आहे. त्या आकड्यावर मी माझी मुलगी पलीकडे दिली. दोन काठांमधलं पहिलं लग्न. चिमीचं घर पलीकडच्या बांधाला पाठ लावून उभं आहे, हे तू पाहिलंयस.

त्या आकड्याला हात लावू नका रे.

ताई


११ एप्रिल

ताई,

जाड चष्मेवाला माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. जबडा तारेनं बांधलाय, नळीनं पेज पितो. काल त्यानं पाटीवर लिहून विचारलं, "यंत्र शाबूत आहे ना?" असल्या माणसाला मारणाऱ्यांचं मी काय करावं, तूच सांग.

शेजारी घण मागून नेतात आणि फोड दाजींच्या तळव्याला येतात, अशी काही सोय तुमच्या काठावर आहे का? असो. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

पण मनातली भीती काढून टाक. दोन फूट कमी झाले ते फक्त तुमचे नाहीत. पलीकडच्या दगडाचेही तेवढेच झाले. तुम्ही दोघं एकाच होडीतले. होडी खाली गेली म्हणून एक प्रवासी दुसऱ्यापेक्षा बुटका होत नाही. फरक काल शून्य होता, आज शून्य आहे. दाजींना हे माझ्या नावावर सांग. मेहुणा गाढव असेल, पण गणितात गाढव नाही.

पलीकडचा बांध यंदा नव्यानं बांधताहेत, असं जावईबापूंनी कळवलं. बरं झालं, चिमीच्या भिंतीची ओल जाईल.

भाऊ


९ जुलै

पंडिता,

तुझं गणित आणि आमची नदी यांची गाठ घालून देते.

वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस कोसळला आणि काल सकाळी नदी फुगली. सगळा काठ बांधावर उभा होता. आमच्या कडेपासून पाणी वीतभर खाली. आणि समोर, पलीकडच्या नव्या बांधावर, पाण्याच्या वर कोरडी माती, माणसाच्या मांडीएवढी. नदी आरपार एकाच पातळीत असते, त्याला ना तुझा उपग्रह लागतो ना गुरुत्व. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग ह्यांचा पुतण्या म्हणाला, "काकू, तुमच्या भावाला बोलवा. म्हणावं शून्य बघायला या."

दुपारी पुलावर दोन्हीकडची माणसं भिडली. पहिला दगड कुणी मारला ते सांगत नाही, कारण तो मी पाहिला. पलीकडच्या एकाचा कान कोयत्यानं लोंबता केला. आमच्या एकाला चौघांनी उचलून कठड्यावरून खाली टाकलं. पाण्यात पडला असता तर वाचला असता, पण तो पुलाच्या पायथ्याच्या खडकांवर पडला. त्याची बायको वरून हाका मारत राहिली आणि तिच्या आजूबाजूला मारामारी चालूच होती. पोलीस आले तेव्हा पुलावर चपला आणि दात पडले होते. आता तिथे चौकी बसलीय. बायाबापड्यांना सोडतात, पुरुषांना नाही.

नदी रात्रीतून उतरली. यंदा ती पुन्हा चढणार. दाजी जेवत नाहीत, नुसतं फावड्याला पातं घासतात.

एकाच प्रश्नाचं उत्तर दे, आणि शास्त्रीबुवांसारखं नको, धाकट्या भावासारखं दे. खोटं कोण बोलतंय, तुझं खातं की पाणी?

ताई


१३ जुलै

ताई,

पाणी खरं बोलतंय. खातंही खरं बोलतंय. खोटं मी बोललो, अजाणता.

मी दगडांचा विचार केला, मातीचा केला नाही. दोन्ही दगड सारखेच खाली आले हे खरं, पण तुमचा बांध जुन्या पद्धतीच्या एकशे चौदावर कधीचा उभा आहे. पलीकडचा पाडून नव्यानं बांधला. ठेकेदारानं दगडावरचा ताजा आकडा वाचला आणि तिथून मोजून एकशे चौदा गाठले. दगड दोन फूट कमी सांगतो, म्हणून त्यानं दोन फूट माती जास्त चढवली. आकडा एकच, उंच्या दोन.

साहेबांकडे गेलो. म्हणाले, "आपली उंची बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

"साहेब, माणसं मरतील."

"पंडित, आपण उंची सांगतो. बांध पाटबंधारेवाले बांधतात."

पाटबंधारेवाल्यांकडे गेलो. तिथल्या अभियंत्यानं पान लावावं तितक्या निवांतपणे चष्मा पुसला. "करारात काय? एकशे चौदा. बांध किती? एकशे चौदा. आणखी काय करू, आरती?"

"कुठल्या पद्धतीनं एकशे चौदा?"

"ते करारात नाही."

कसं असेल? करार झाला तेव्हा पद्धत एकच होती. ज्याला एकच आई आहे तो "माझी ही आई" असं कधी म्हणतो का?

मी हटलो नाही. वरच्या कचेरीत अर्ज दिलाय, रोज जाऊन बसतो. शिपाई आता मला चहा विचारतो, म्हणजे काम पुढे सरकतंय. पलीकडची दोन फूट माती उतरवायचा हुकूम निघेल, मी काढवून आणीन. तोवर दाजींना घरात धर. सांग त्यांना, मेहुणा खपतोय.

भाऊ


२ ऑगस्ट

भावा,

तुझे दाजी गेले. मारले गेले. परवा, भर दुपारी.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "पलीकडचा बांध खरंच दोन फूट उंच आहे, आणि भाऊ तो उतरवून घेतोय." त्यांनी अर्धं वाक्य ऐकलं आणि उठले. उरलेलं अर्धं मी त्यांच्या पाठीला सांगितलं. तेव्हापासून आमच्या ओसरीवर बैठका. पुतण्या म्हणायचा, "हुकूम येईल तेव्हा वाचायला आपण असू का?" ठरलं ते असं: नदी चढली की वरच्या वळणावरून होड्या घालायच्या, पुलावरच्या पोलिसांना दिसणार नाही अशा, आणि पलीकडचा बांध चिमीच्या घरामागे फोडायचा. तिथे माती सगळ्यात ताजी आहे म्हणून. मी म्हटलं, "तिथे तुमची पोर राहते." तर म्हणाले, "थोरला भाऊ वाहून गेला तेव्हा तोही कुणाचा तरी होता."

परवा नदी चढली. तीन होड्या गेल्या. मी आमच्या बांधावरून बघत होते. हे सगळ्यांत पुढे होते. पलीकडे चढले, फावडं उचललं, दोनचार घाव घातले, आणि बांधामागून माणसं उभी राहिली. दबा धरून बसलेली होती. आधी छऱ्याच्या बंदुका उडाल्या. ह्यांचा चेहरा एकदम लाल झाला, कुणी रंगाचा डबा ओतावा तसा. ते खाली बसले. डोळे पुसायला लागले. मग फावडी. मला एकेक घाव दिसायचा आधी आणि आवाज यायचा नंतर, पाण्यावरून. ह्यांनी हात वर केला होता, तो हात गेला. आमचा एकजण पळत होडीकडे आला, त्याला पाण्यातच बुडवून धरलं, मांजर बुडवतात तसं. पुतण्या मांडी फाटलेली घेऊन पोहत परत आला. बाकीचे आले नाहीत.

जावईबापू त्या माणसांत होते. काय केलं ते दिसलं नाही. मी तोंड फिरवलं नव्हतं, पण दिसलं नाही.

पलीकडचा बांध तगला. संध्याकाळी पाणी आमच्या कडेवरून आत आलं. घरात खिडकीपर्यंत चढलं. ह्यांना आणून ठेवायला कोरडी जमीन नव्हती. दुकानाच्या गच्चीवर ठेवलं.

पुतण्या एकच म्हणतो, ते वाट बघत बसले होते, म्हणजे इथूनच कुणीतरी सांगितलं.

ताई


७ ऑगस्ट

ताई,

काय लिहू? तुझं पत्र ऑफिसात उभ्यानं वाचलं. शेजारच्यानं, त्याच जबडा बांधलेल्यानं, मला खुर्चीत बसवलं. त्याच्या गालावर अजून खुणा आहेत. त्या दाजींच्या हातच्या असाव्यात असं मला कायम वाटत आलं, आणि तो माझ्यासाठी पाणी आणत होता.

हुकूम निघाला. तू लिहिलंस त्याच दिवशी, म्हणजे दोन दिवस उशिरा. पलीकडची दोन फूट माती उतरवायची आणि यापुढे करारातल्या आकड्याशेजारी पद्धत लिहायची. साहेब म्हणाले, "पंडित, तुमचा पाठपुरावा फळला." मी त्यांची दौत उचलली होती. खाली ठेवली. ती फेकून मारली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

बातमी फोडणाऱ्याचं मनातून जात नाही. दाजी चुकले असतील, मी कधी त्यांची बाजू घेतली नाही. पण आपल्याच माणसांना फावड्याखाली देणारा तो कोण? घरी बसून शांतपणे जेवला असेल त्या दुपारी. तो सापडला आणि तुमच्या लोकांनी त्याला सोलून काढला, तर मी पोलिसात जाणार नाही. आयुष्यभर शांतिपाठ म्हटले, त्यातला एकही आज आठवत नाही.

पुरानं बंद पडलेला रस्ता गाड्यांना पंधरा तारखेला खुला होतोय. पहिल्या गाडीनं येतो. तोवर वरच्या गच्चीवरच राहा, कुणाशी वाद घालू नकोस.

भाऊ


१२ ऑगस्ट

भावा,

त्या दुपारी मी जेवले नव्हते. एवढंच तुझं चुकलं.

होड्या जाणार त्या सकाळी मी पूल ओलांडला. हातात चिमीच्या बाळाची दुपटी होती, चौकीवरच्या पोलिसानं उघडूनही पाहिली नाहीत. चिमीला म्हटलं, "बाळाला घे, माझ्याबरोबर चल, आज इथे थांबू नकोस." ती म्हणाली, "का?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी एकटी येऊ आणि ह्या गल्लीतल्या बाकीच्यांना बुडू देऊ?" ती नवऱ्याला सांगायला उठली, मी तिला थांबवलं नाही. घोटभर पाणी प्यायले आणि परत आले.

मला वाटलं होतं, सगळं पलीकडचं गाव बांधावर उभं दिसेल आणि आमचे होड्या वळवतील. माणसं दिसली की माणसं परततात, असं मी धरून चालले. ते लपून बसतील हे माझ्या मनातच आलं नाही. बंदुकांचं तर नाहीच. हे मी सुटकेसाठी लिहीत नाही. चिमीच्या घरात पाणी शिरलं नाही, बाळ जिवंत आहे, आणि पुन्हा तीच सकाळ आली तर मी पुन्हा पूल ओलांडीन. ह्यांच्याकडे बघायची हिंमत मात्र नसेल.

पुतण्याचा संशय दूधवाल्यावर आहे. तो बापडा चौकीच्या परवानगीनं दोन्ही काठांना दूध घालतो. काल त्याला घरातून ओढून आणला. नखं काढली. तो सगळ्याला "हो" म्हणत होता, मग सगळ्याला "नाही" म्हणत होता. आता गोदामात कोंडलाय. उद्या सकाळी सगळ्या काठाला बांधावर बोलावलंय आणि पुतण्याच्या हातात ह्यांचंच फावडं आहे.

मी जाणार आहे. सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहणार आणि सांगणार. पुतण्या मला काकू म्हणतो, त्याला मी दूधभात भरवलाय. पण ती भाषा त्याच्या कानातून आता गेली आहे. पोलिसांना का सांगत नाहीस असं विचारशील. सांगितलं. ते म्हणाले, अलीकडच्या काठावर उतरायचा हुकूम नाही, तो वरून यावा लागतो.

तू पंधराला येशील. हे पत्र तुला त्याआधी मिळालं तरी उद्याची सकाळ होऊन गेलेली असेल. स्वतःला लावून घेऊ नकोस. तुझा आकडा बरोबर होता आणि तू तो मला खरा सांगितलास. मी तो ह्यांना सांगितला, मग पोरीला ह्यांचा बेत सांगितला. सगळ्यांनी खरंच सांगितलं रे.

एक काम कर. चिमी त्या दिवसापासून बोलत नाही, असं पुलावरच्या पोलिसाकडून कळलं. नवऱ्याला सांगून आपणच बापाला मारलं, असं ती धरून बसलीय. तिला भेट आणि सांग: ती सांगणार हे आईला माहीत होतं, आणि म्हणूनच आईनं तिला सांगितलं. तिनं काही फोडलं नाही. मी फोडलं, तिच्या तोंडानं.

मीच जाऊन सांगितलं असतं. पण पुलावर आता अलीकडच्या बायकांनाही सोडत नाहीत.

ताई